काळ्या कोटाचा सौदा

मणी, तू गेल्याचं मला तुझ्या सुनेनं सांगितलं, तेही डोक्यावरची टोपली खाली न ठेवता.

दुपारची वेळ होती. शेवटची पंगत उठली होती आणि मी खरकटी काढत होते. खालून "भांडीऽऽये" अशी आरोळी आली. होळीपासून तू फिरकली नव्हतीस, म्हणून मी हात धुतले, पदर खोचला आणि तुला चार शब्द सुनवायच्या तयारीनंच दाराशी गेले. उघडून बघते तर टोपली तुझी, चुंबळ तुझी, आणि त्याखाली चेहरा भलत्याच बाईचा.

"मणी कुठाय?"

"सासू मेली ना काकी. होळीच्या मागून. ताप आला, उतरलाच नाय." आणि त्याच श्वासात, "कपडे हायेत का?"

मी दार लावून घेतलं. त्या पोरीचा काय दोष, पण मला तिचा राग आला, आणि तुझा त्याहून जास्त. इतकी वर्षं दर महिन्याला माझ्या दारात बसून भांडलीस, आणि एक भांडण अर्धं टाकून गेलीस. आत येऊन मी ताटं घासायला घेतली. घासून झाली तेव्हा लक्षात आलं की ती सकाळची घासलेलीच ताटं होती.

माणूस गेलं की वर्तमानपत्रात त्याचं गाव, शिक्षण, मागे कोण कोण आहे ते छापून येतं. तुझ्याबद्दल मला त्यातलं काहीच सांगता येणार नाही. तुझं आडनाव मला ठाऊक नाही. तू जोगेश्वरीच्या बाजूनं यायचीस आणि मरोळकडे निघून जायचीस, एवढंच. पण तू शर्ट हातात घेतलास की आधी काख बघणार, मग कॉलर उलटून शिवलेली आहे का ते बघणार आणि शेवटी गॅलरीच्या उजेडात धरून म्हणणार, "काकी, हे कापड हाय का चाळणी?" हे मला झोपेतही सांगता येईल. छापायला हे पुरेसं नसेल. मला पुरतं.

आपली पहिली गाठ आठवते का? आमचे हे जाऊन वर्ष झालं नव्हतं. माझा वसंता शाळेत जात होता. अंधेरीच्या या दोन खोल्यांत मी खानावळ सुरू केली होती आणि जेवायला येणारी माणसं होती चार, ताटं दोन. दोघं जेवायचे, दोघं गॅलरीत उभे राहून विड्या ओढायचे. तेव्हा तू जिना चढून आलीस. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात ये. आणि मग मी युक्ती केली. जेवायला येणाऱ्या त्या एकट्या बाप्यांना सांगितलं, तुमचे फाटके शर्ट-पँटी फेकू नका, धोब्याच्या माथी मारू नका, माझ्याकडे आणा, रविवारी एक गोड जास्त वाढीन. ब्रह्मचारी माणसं ती, त्यांना कुठं ठिगळं लावता येत होती? महिन्याभरात माझ्याकडे गाठोडं जमलं.

तू गाठोडं उलगडलंस आणि म्हणालीस, "इतके मरद राहतात तुझ्या घरात?"

मी भडकले. तू हसलीस. मग कळल्यावर जास्तच हसलीस आणि म्हणालीस, "तू माझ्या धंद्याची बाई हाय."

त्या दिवशी दोन पितळी ताटं घेतली तुझ्याकडून. मग वाट्या, पेले, तपेली, झारा, परात. पितळ गेलं आणि अ‍ॅल्युमिनियम आलं, अ‍ॅल्युमिनियम गेलं आणि स्टेनलेस आलं. माझी अख्खी खानावळ फाटक्या कपड्यांवर उभी राहिली. लोक म्हणतात, बाईनं स्वतःच्या हिमतीवर केलं. केलंच. पण प्रत्येक ताट कुठल्या पँटीचं आणि प्रत्येक वाटी कुठल्या बनियनची, हे जगात दोघींनाच माहीत होतं. आता मला एकटीलाच. कुणाला सांगितलं तर शिसारी येईल त्यांना, जेवणार नाहीत.

आपल्या भांडणाला काही नियम होते. ते कुणी ठरवले ते मला आठवत नाही. आपोआप ठरत गेले. तू म्हणायचीस, हे कापड मेलेलं आहे. मी म्हणायची, तुझी भांडी पत्र्याची आहेत. तू भांड्यावर टिचकी मारून आवाज ऐकवायचीस. मी शर्टाची बाही ताणून दाखवायची. मग तू भांडी टोपलीत भरायला लागायचीस, ती अगदी सावकाश. मी "मला वेळ नाही" म्हणून आत स्टोव्हपाशी जायची, तीही सावकाश. तू चुंबळ डोक्यावर ठेवलीस की ते तुझं शेवटचं. मी "फुकट ने, मला काही नको" असं ओरडले की ते माझं शेवटचं. त्यावर तू कानाला हात लावायचीस, "फुकट नेलं तर मला पाप लागेल," म्हणायचीस, पुन्हा बसायचीस आणि एखादी वाटी वर टाकायचीस. सौदा व्हायचा.

आणि सगळ्यांत मोठा नियम फाटकाचा. जोपर्यंत तू चाळीच्या फाटकाच्या आत आहेस तोपर्यंत मी हाक मारू शकते आणि तुला परत यावंच लागतं. फाटकाबाहेर पाऊल पडलं की जे झालं ते पक्कं. मग मी रडले तरी तू वळणार नाहीस आणि तुला वाटलं आपण बुडालो, तरी तूही येऊन मागणार नाहीस. तू हा नियम कधी मोडला नाहीस. मीही नाही. माझ्या भावानं वाटणीत शब्द फिरवला, चाळीच्या मालकानं फिरवला, तू कधी नाही. म्हणून तर त्या कोटाचं मला इतकं लागलं.

कोट ह्यांचा होता. काळा, लोकरीचा. ऑफिसला जाताना धोतरावर घालायचे. ह्यांच्यामागे मी तो ट्रंकेत ठेवला, डांबराच्या गोळ्या टाकून, आणि दर वर्षी दिवाळीच्या आधी गॅलरीत उन्हाला घालायची. तू पहिल्यांदा तो बघितलास तेव्हा तुझे डोळे कसे झाले ते मी टिपलं. मीही काही कच्ची नव्हते. पुढे जेव्हा जेव्हा आपलं घोडं अडायचं, मी आत जाऊन तो कोट आणून दारात ठेवायची. तू लगेच भाव वाढवायचीस. टोपलीच्या तळातलं चांगलं भांडं वर यायचं. मग मी म्हणायची, "नको बाई, राहू दे, ह्यांची आठवण आहे," आणि कोट मागे घ्यायची. पण वर आलेलं भांडं पुन्हा तळाला कसं जाणार? तेच भांडं मी दोन शर्ट जास्त टाकून घ्यायची.

तुला हे कळत नव्हतं असं नाही. एकदा म्हणालीस, "काकी, हा कोट किती वेळा विकलास तू मला?"

"एकदाही नाही."

"तेच बोलते मी."

माझा मुलगा वसंता शिकला, ऑफिसात लागला, लग्न केलं आणि मुलुंडला ब्लॉक घेऊन राहिला. रविवारी येतो. आला की घरभर फिरून एकेका वस्तूकडे बोट दाखवतो आणि इंग्रजीत म्हणतो, ही लास्ट लेग्जवर आहे. एका रविवारी तूही दारात होतीस.

"आई, हे टेबल बघ. लास्ट लेग्जवर आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे शेवटच्या पायांवर उभं आहे. आता कधीही बसेल खाली."

"त्याचे चारही पाय मी सुताराकडून बदलून घेतलेत. ते नवे पाय आहेत."

"तसं नाही गं आई. एखादी वस्तू झिजून संपत आली, की तसं म्हणतात."

तू उंबरठ्याबाहेरून विचारलंस, "भाय, कपड्याला पण बोलतात का तसं?"

"कशालाही म्हणतात."

संपलं. त्या दिवसापासून तुला नवीन हत्यार मिळालं. चादर दाखवली की "लास लेग." धोतर दाखवलं की "लास लेग." मी नवी साडी नेसून दारात आले तरी तू माझ्या पदराला हात लावून म्हणायचीस, "काकी, ही अजून दोन लेग चालेल." मी तुला झाडू दाखवला आहे त्यावरून. आणि तू गेल्यावर आत येऊन एकटी हसले आहे, हे तुला कधी कळू दिलं नाही.

वसंताचा रोख मात्र वस्तूंवर नव्हता. स्टोव्ह झाला, कपाट झालं, खिडकीची फळी झाली, आणि एके दिवशी म्हणाला, "आई, खरं सांगू? खानावळच लास्ट लेग्जवर आहे. बंद कर आणि मुलुंडला चल." त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही. पोटचा मुलगा उपाशी गेला. पण तो खोटं बोलत नव्हता. स्टेशनसमोर हॉटेल निघालं होतं, तिथं संगमरवरी टेबलं, वर पंखा, आणि इडली खाऊन माणूस पाच मिनिटांत मोकळा. माझ्याकडचे जुने लोक लग्न करून आपापल्या बायकांच्या हातचं जेवायला लागले होते. नवे येत, दोन महिने जेवत, आणि एक दिवस यायचे बंद होत. का, ते सांगत नसत. भाजी खारट झाली की काय, पोळी जाड झाली की काय, कुणी तोंड उघडत नसे. भांडत नसे.

भांडायचीस ती तू. पंगत उठल्यावर मी तुला उंबरठ्याबाहेर पान वाढायची. बांगड्याचं तिखलं असलं की तू दोनदा भात घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मीठ कमी." मी म्हणायची, जीभ तपासून घे. तू म्हणायचीस, "हात तपास. म्हातारी झाली की हात मीठ विसरतो." दुसऱ्या दिवशी मी चिमूटभर मीठ वाढवायची. एकदा पावसाची सर आत येत होती म्हणून मी म्हटलं, आत येऊन बस. तर म्हणालीस, "नको. आत आले की भाव पडतो माझा." किती वर्षं आलीस, पण उंबरठा काही ओलांडला नाहीस.

तर तो दिवस. तुला आठवत असणारच.

थंडीचे दिवस होते. तुझ्या टोपलीत स्टेनलेसचा मोठा डबा होता, वर कडी असलेला, आणि माझा जीव त्याच्यावर होता. पिठासाठी हवा होता मला. मी चार शर्ट, दोन पँटी आणि एक पलंगपोस टाकला. तू मान हलवत होतीस. मी आणखी एक लुगडं टाकलं. तू म्हणालीस, "हे तर विरलंय." मग मी नेहमीसारखी आत गेले आणि कोट आणला.

तू तो हातात घेतलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू त्याची काख बघितली नाहीस, अस्तर चाचपलं नाहीस. सरळ उठून गॅलरीत गेलीस आणि पाठीकडून उजेडात धरलास. मलाही दिसलं. खांद्याच्या खाली कसरीनं खाऊन खाऊन जाळी झाली होती आणि त्यातून समोरच्या कौलांवरचं ऊन दिसत होतं. उन्हाला घालताना मी तो कधी उजेडात धरला नव्हता. घडी उलगडायची, पसरायचा, घडी घालायची.

तू म्हणालीस, "काकी, आता हा पण लास लेग."

माझं डोकं फिरलं. माझ्या टेबलाला म्हण, चादरीला म्हण, मला म्हण. ह्यांच्या कोटाला? मी ओरडले, "मग ने! फुकट ने! मला तुझा डबा नको आणि काही नको!" आणि पाय आपटत आत गेले, स्टोव्हपाशी.

तू कानाला हात लावशील, मग खाली बसशील, म्हणून मी वाट बघत होते. स्टोव्ह पेटलेला नव्हता तरी मी त्याला पंप मारत होते. मागून आवाज आला तो भांडी भरल्याचा. मी म्हटलं, भरू दे. मग चुंबळीचा. मी म्हटलं, ठेवू दे. मग जिन्यावर पावलं. दाराशी येऊन बघते तर माझे चारही शर्ट, पँटी, पलंगपोस, लुगडं, सगळं जागच्या जागी नीट घडी करून ठेवलेलं. डबा नाही. कोट नाही.

मी गॅलरीत आले नाही. आले असते तर तू फाटकातून वर बघितलं असतंस, आणि मी बघते आहे हे तुला दिसलं असतं. हाक मारली असती तर मी हरले असते. आणि मला खात्री होती, तू परत येशील. तू, मणी, जिला या सौद्यातला एकेक डाव पाठ, तिला "फुकट ने" म्हणजे काय ते कळू नये? मी दाराशी कान लावून बसले. तू आली नाहीस.

पुढच्या महिन्यात आलीस. जसं काही झालंच नव्हतं. "भांडीऽऽये" अशी तीच आरोळी, तोच बसायचा ढंग. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. निदान एखादी वाटी वर टाकशील, म्हणजे मी समजेन. एक चमचाही जास्त टाकला नाहीस. उलट त्या दिवशी तू माझ्याकडून एक बनियन जास्त काढलंस.

मी विचारलं नाही. का विचारायचं? नेलास तू, सांगायचं तू. पण मी आडून आडून किती प्रयत्न केले ते आता सांगून टाकते. एकदा म्हटलं, "यंदा थंडी फार आहे बाई." तू म्हणालीस, "थंडी तर हायच." एकदा म्हटलं, "लोकरीच्या कपड्याला हल्ली कोण विचारतं गं?" तू म्हणालीस, "कोण नाय." एकदा तर मी रिकामी ट्रंकच दारात आणून ठेवली, झाकण उघडं टाकून. तू आत डोकावलीस, वास घेतलास आणि म्हणालीस, "गोळ्या चांगल्या हायेत. कुठून आणल्या?"

दोन थंड्या गेल्या अशा. तू येत होतीस, आणि मी मनात तेच एक घेऊन दार उघडत होते. तू लबाड निघालीस का? की माझा कोट दर वर्षी बाहेर येतो आणि परत आत जातो, ते तुला बघवलं नाही? की नुसता सूड म्हणून नेलास? रात्री नाही, दिवसाढवळ्या पोळ्या लाटताना मी तुझ्याशी भांडायची. तुझी बाजूही मीच मांडायची आणि दर वेळी तुला हरवायची. वसंता दर रविवारी विचारायचा, आई, मुलुंडला कधी? मी म्हणायची, अजून माझं इथलं काम उरकलेलं नाही. त्याला वाटायचं, मी खानावळीबद्दल बोलते आहे.

गेल्या गुरुवारी तुझी सून पुन्हा आली. कंकू नाव सांगितलं तिनं. या वेळी मी दार लावलं नाही. तिनं तुझ्यासारखीच टोपली उतरवली, पण भांडी मांडताना हात घाबरल्यासारखे. मी एक सदरा टाकला, खरं तर फरशी पुसायच्या लायकीचा, आणि एक तपेली मागितली.

"घ्या," ती म्हणाली.

"घ्या काय? एवढ्यात घ्या?"

"तुम्ही मागितली ना."

"अगं, सदरा बघ तरी! काख बघ. फाटलाय तो. नाही म्हण मला!"

ती रडवेली झाली. "सासू बोलायची, काकीकडे सांभाळून. काकी बोलते एक आणि तिच्या मनात असतं एक."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. तुला जे विचारलं नाही, ते तुझ्या सुनेला विचारलं. त्याची लाज मला अजून वाटते आहे. "कंकू, तुझ्या सासूनं माझा एक कोट नेला होता. काळा. त्याचं काय झालं?"

ती चटकन म्हणाली, "तो? तो तर टांगेवाल्याला दिला. त्याच आठवड्यात." आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. "काकी, त्या दिवशी सासू नाचत आली घरी. खरंच नाचत. बोलली, आज मी काकीला हरवलं. इतकी वर्सं हरत होती, आज जिंकली. जिलबी आणली सगळ्यांना. बोलली, खाली नळापाशी किती वेळ बसून होते, फाटकाच्या आत. नियमानं बसले. हाक आली तर कोट परत द्यायला लागेल. पाणी पण नाय पिली, तोंड धुतलं नाय, नळाचा आवाज झाला आणि हाक ऐकू नाय आली तर लबाडी होईल म्हणून. हाक आली नाय. मग उठली."

नळ गॅलरीच्या अगदी खाली आहे. तो माझ्या खोलीतून दिसत नाही. गॅलरीत येऊन वाकलं तर दिसतो.

सूडही नाही, दयाही नाही, लबाडी तर नाहीच. जिंकलीस तू, एवढंच. पोळ्या लाटताना मी तुझ्या तोंडी शंभर कारणं घातली, पण हे एकदाही सुचलं नाही, की तू माझ्यासारखीच आहेस. तुझ्या जागी मी असते तर मीही नाचले असते. जिलबी आणली नसती, एवढा खर्च मी केला नसता.

मग कंकू भांडी भरता भरता म्हणाली, "पण तुमच्याकडे यायचं असलं की सासू घाबरायची. घरून निघताना मला बोलायची, आज काकी विचारेल. पक्की विचारेल. मी काय बोलणार ते ठरवून ठेवलंय."

"काय बोलणार होती?"

"ते नाय सांगितलं. बोलली, काकी विचारेल तेव्हाच सांगेन. तिचाच हक हाय."

कंकू गेली. तपेली तिला परत दिली मी, आणि पुढच्या वेळी तीन वेळा नाही म्हटल्याशिवाय काही द्यायचं नाही, हे बजावून ठेवलं. शिकेल.

तेव्हापासून मी बसले आहे तुझं ते उत्तर शोधत. तुझे सगळे डाव मला ठाऊक आहेत, तेव्हा हेही सापडायला हवं. "तूच तर बोललीस, ने," हे असेल का? नाही, ते फार सरळ झालं. "पाप लागलं मला, बघ," असं म्हणून तापलेला हात पुढे केला असतास? तेव्हा ताप कुठं होता. "टांगेवाल्याला बसला बघ अगदी, तुझ्या नवऱ्याला पण इतका बसत नसेल"? हे तू म्हणाली असतीस आणि मी टोपलीला लाथ मारली असती. किंवा नुसतं हसली असतीस. पण नुसतं हसायला घरून निघताना घाबरावं लागत नाही. काहीतरी असं होतं, जे ऐकून मी एक तर दार आपटलं असतं, नाही तर उंबरठ्यावर तुझ्या शेजारी बसले असते. दोन थंड्या तू ते ओठावर घेऊन वर येत होतीस आणि तसंच खाली नेत होतीस. मी एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

माझ्याकडे तुझा राग होता तोवर बरं होतं. आता तोही कंकूनं नेला, तोही फुकट. वसंता परवा येऊन गेला. या खेपेला त्यानं कशाकडे बोट दाखवलं नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आई, बरी आहेस ना? मी त्याला पोटभर वाढलं. तो म्हणाला, मीठ अगदी बरोबर आहे. मला ते गोड लागलं नाही.

आज दुपारी पंगत उठल्यावर मी दार उघडून बसले होते. तीन पानं उठली, पंगत कसली. खाली नळ वाहत होता, कुणीतरी हंडा भरत होतं. मी गॅलरीत गेले, कठड्यावरून वाकले, आणि समोरच्या खोलीतल्या बाया बघत होत्या तरी पर्वा केली नाही.

मणी, ऐक. हरले मी. विचारते आहे.

ह्यांचा कोट कुठं आहे गं?